इझाबाईंचं आठवं प्रकरण

काकू, तुमच्या शोकसभेत अकरा जण बोलले आणि त्यातल्या नऊ जणांनी एकच वाक्य म्हटलं: "काकूंनी शेवटपर्यंत कुणाला त्रास दिला नाही." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी मान हलवली. तिसऱ्यांदा ऐकलं तेव्हा राग आला आणि मी मोजायला लागले. कॅरोलायनातल्या मॉरिसव्हिलच्या क्लबहाउसमध्ये घडीच्या खुर्च्यांवर चाळीसएक माणसं, टेबलावर तुमचा निळ्या साडीतला फोटो, भिंतीवर झूममध्ये सांगलीचे नातेवाईक. तुमचे धाकटे दीर म्यूटवर असतानाच पाच मिनिटं बोलले. बहुधा तेही हेच म्हणत होते.

माझी वेळ आली तेव्हा मी नको म्हटलं आणि बसून राहिले. "वंदनाला शॉक बसलाय," असं मागे कुणीतरी कुजबुजलं. शॉक वगैरे काही नाही. उभी राहिले असते तर तुमच्या फोटोशी भांडले असते आणि समीरसमोर ते बरं दिसलं नसतं. आईला जाऊन दहा दिवस झालेल्या मुलासमोर काही गोष्टी करत नाहीत, एवढं मलाही कळतं.

म्हणून इथे भांडते.

त्रास न देण्याची तुमची खोड मला पहिल्याच दिवशी दिसली होती. दोन वर्षांपूर्वीच्या जुलैत, भर दुपारी, फुटपाथ नसलेल्या रस्त्याच्या कडेने तुम्ही छत्री धरून चालला होतात. या गावात उन्हासाठी छत्री कुणी धरत नाही. मुळात कुणी चालतच नाही. मी गाडी थांबवली. तुम्ही समीरची आई, त्याचं लग्न मोडल्यावर त्याच्याकडे राहायला आलेल्या, गणपतीत एकदा भेटलेल्या, एवढंच मला माहीत होतं.

"काकू, कुठे निघालात?"

"युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत. पुढे बस मिळते."

"पुढे म्हणजे किती?"

"असेल मैलभर. मग दुसरी बस."

"आणि समीर?"

"त्याला काम असतं गं."

"मंडळाच्या ग्रुपवर माझा नंबर आहे ना? एक मेसेज टाकायचा."

"तुला कशाला त्रास."

बसा म्हटलं, तर आधी चपला झटकल्यात, गाडी खराब होईल म्हणून. माझ्या गाडीत मागे खताची दोन पोती होती. मला बुधवारी दुपारी साडेतीनपर्यंत मीटिंग नसतात. तेव्हापासून बुधवार आपला झाला.

लायब्ररीच्या तळमजल्यावर जुन्या कागदपत्रांची खोली. पिशव्या लॉकरमध्ये, पेन बाहेर, आत फक्त पेन्सिल, आणि एका वेळी एकच फोल्डर. तिथे लेडी इझोबेल यांची पत्रं होती. त्यांच्या बहिणीच्या वंशातलं कुणीतरी कॅरोलायनात येऊन राहिलं आणि जाताना एक पेटी विद्यापीठाला देऊन गेलं. दोन-तीन शतकांपूर्वीच्या एका इंग्लिश उमरावाची मुलगी, दुसऱ्या उमरावाची बायको. स्वतःच्या घरी साठ-सत्तर नोकर, आणि राजवाड्यात राणीचे हातमोजे धरून उभ्या. तीन महिने राजवाड्यात तैनाती, तीन महिने घर, असं सव्वीस वर्षं. तुम्ही त्यांना पहिल्या आठवड्यातच इझाबाई करून टाकलंत.

"आपल्याकडे राण्यांवर सगळे लिहितात," तुम्ही म्हणालात. "राणीच्या मागे उभी असते तिच्यावर कोण लिहितं?"

राणीचं नाव तुम्ही पुस्तकात कधी लिहिलं नाहीत. फक्त 'राणीसरकार'. का, तर इझाबाई पत्रात लिहीत नाहीत, मग मी का लिहू. त्या हुद्द्याला मराठीत काय म्हणायचं यावर आपण तीन बुधवार घालवले. सखी नको, दासी तर नाहीच. शेवटी तुम्हाला 'मानकरीण' सापडलं आणि तुम्ही गाडीत टाळी वाजवलीत.

"मोलकरीण म्हणा सरळ," मी म्हटलं.

"अगं, ती मान म्हणून उभी राहते."

"पाय दोघींचे सारखेच दुखतात, काकू."

"तू इंजिनियर आहेस," तुम्ही म्हणालात. एखाद्याला आजार आहे असं सांगावं तसं.

तुमच्या कामाला मात्र तोड नव्हती, आणि हे मी रागात असतानाही लिहिते. त्या काळी कागद वाचवायला लोक पत्र आडवं लिहून झालं की तोच कागद फिरवून त्यावर उभं लिहायचे. जाळी विणल्यासारखं दिसायचं. मला एक शब्द लागत नव्हता. तुम्ही चौऱ्याहत्तराव्या वर्षी भिंग घेऊन, कागदाला बोट न लावता, मान तिरकी करून तासन् तास वाचायचात. तिथली लायब्रेरियन पोरगी तिला अडलेलं अक्षर तुम्हाला दाखवायला यायची. सांगलीच्या मुलींच्या शाळेत तीस वर्षं शिकवलेला इतिहास तुमच्या अंगात होता आणि तो कुठे बसवायचा हे तुम्हाला या परक्या गावात सापडलं. तुम्ही पेन्सिलने वहीत लिहायचात, मी घरी टाइप करायचे. माझं मराठी टायपिंग सुधारलं ते तुमच्यामुळे. माझं मराठीही.

आता आठवं प्रकरण.

जूनमध्ये तुम्ही ते माझ्या हातात दिलंत. त्याआधीची सात प्रकरणं राजवाड्याच्या रीतीभातींची होती. राणी बसल्याशिवाय बसायचं नाही, पाठ दाखवायची नाही, उलट्या पावलांनी बाहेर पडायचं. मला ती वाचताना हसू यायचं. आठव्यात एकच नियम होता. राणीसमोर आपण होऊन विषय काढायचा नाही. राणी विचारेल त्याचं उत्तर द्यायचं. तिने विचारलं नाही तर ती गोष्ट नाही.

इझाबाई तैनातीवर असताना दुसऱ्याच आठवड्यात घरून पत्र आलं. त्यांची सहा वर्षांची मुलगी तापाने गेली होती. पत्र पोचेपर्यंत पुरूनही झालं होतं. रजा मागायची तर ती थोरल्या मानकरणीमार्फत, आणि ती गावाला गेलेली. राजवाड्यात आज्ञेशिवाय काळे कपडे घालायचे नाहीत. मग इझाबाईंनी मनगटाला काळी फीत बांधली, बोटभर रुंदीची. राणीसरकार विचारतील म्हणून. आठवडाभर कुणी काही विचारलं नाही. नवव्या दिवशी राणीसरकारांनी मनगटाकडे पाहिलं आणि काळा रंग तुम्हाला शोभतो, असं म्हणाल्या. इझाबाईंनी गुडघा वाकवून आभार मानले. मग उरलेले सव्वादोन महिने उभ्या राहिल्या.

तैनाती संपल्यावर राणीला कुठून तरी कळलं. त्यांनी स्वतःच्या हाताने पत्र लिहिलं. मला का नाही सांगितलं, त्याच तासाला माझ्या स्वतःच्या गाडीतून तुम्हाला घरी पाठवलं असतं. ते पत्र इझाबाईंनी मरेपर्यंत जपून ठेवलं.

हे टाइप करताना मी दोनदा उठून पाणी प्यायले. आणि बुधवारी गाडीत बसल्या बसल्या तुम्हाला म्हटलं, "मूर्ख बाई."

"कोण, राणी?"

"राणी कशाला? तुमच्या इझाबाई. सांगायचं ना. तोंड होतं ना?"

"नियम होता."

"नियम गेला खड्ड्यात. पोर गेली आणि ही नियम सांभाळते? राणीने काय केलं असतं, फाशी दिली असती? उलट गाडी दिली असती. तिनेच लिहिलंय."

"नंतर लिहिलंय."

"म्हणजे?"

"नंतर सगळेच गाडी देतात, वंदना. फीत समोर होती तेव्हा तिला दिसली. दिसली म्हणून तर बोलली. मग काय झालं, एवढं विचारायला किती वेळ लागतो?"

"राणीला काय माहीत फीत कशाची? हजार कामं असतात तिला. ज्याचं दुखतं त्याने सांगावं. सोपं आहे."

"दुखणाऱ्याला ते सोपं नसतं," तुम्ही म्हणालात. मग खिडकीबाहेर बघत म्हणालात, "लेफ्ट घे, तुझं एक्झिट चुकेल."

मी एक्झिट चुकवत नाही. वाद मात्र राहिला. पुढचे दोन बुधवार आपण तेच भांडलो. मी तुम्हाला माझ्या टीममधली उदाहरणं दिली. जो अडलंय म्हणून सांगत नाही त्याचं काम पडून राहतं, आणि मी त्यालाच जबाबदार धरते, असं म्हटलं. तुम्ही म्हणालात, "तुझ्या टीममध्ये मी नसलेली बरी."

तिसऱ्या बुधवारी तुम्ही म्हणालात, "आठवं प्रकरण काढून टाक."

"का? तेवढंच तर चांगलंय."

"पुस्तकाचा तोल जातो."

"कसला तोल? काकू, खरं सांगा."

तुम्ही पर्स उघडलीत, मिटलीत. "समीर वाचेल."

"समीर मराठी वाचतो?"

"हळू वाचतो. पण वाचेल. डिलीट कर, माझ्यासमोर."

मी लॅपटॉप उघडला आणि फाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये टाकली. तुम्हाला फरक कळला नाही. मी खोटं बोलले आणि त्याबद्दल मला तेव्हाही वाईट वाटलं नाही. पण समीरने वाचलं तर काय होईल, हे मी विचारलं नाही. पाच शब्दांचा प्रश्न होता. मला साडेतीनला कॉल होता.

त्या उन्हाळ्यात मला काय काय दिसत होतं ते आता लिहिते, कारण आपण भांडतोय आणि भांडणात माझीही बाजू तपासली पाहिजे. पार्किंगपासून लायब्ररीपर्यंत तुम्ही मध्ये बाकावर बसायला लागलात. झाडं बघतेय म्हणायचात. ते झाड मागच्या वर्षीही तिथेच होतं. डब्यातलं थालीपीठ तुम्ही माझ्याकडे सरकवायचात आणि मी खायचे. छान असायचं. पोट सुटलं होतं आणि दंड मात्र बारीक झाले होते, ब्लाउजची बाही सैल लोंबायची. आणि जुलैमध्ये मी तुम्हाला म्हटलं, "काकू, बारीक झालात. छान दिसताय. योगा करता का?"

"जेवण कमी केलंय."

"गुड. मलाही केलं पाहिजे."

हा संवाद असाच्या असा झाला. मला विसरता आला तर बघते.

ऑगस्टमध्ये एकदा तुम्ही म्हणालात, "पुढच्या बुधवारी लायब्ररीऐवजी दुसरीकडे जाऊ या का?"

"कुठे?"

"असंच. तुला वेळ असेल तर."

"असंच म्हणजे कुठे? नक्की सांगा, मी कॅलेंडरवर टाकते."

"राहू दे गं. इझाबाई वाट बघतायत."

कुठे जायचं होतं ते आता कळतं असं वाटतं. नक्की नाही. तुम्ही नक्की काही सांगितलंतच नाहीत. काकू, मी नकाशाशिवाय गाडी चालवत नाही हे तुम्हाला दोन वर्षं माहीत होतं. "मला पोटात दुखतंय, डॉक्टरकडे ने." पाच शब्द. तुम्ही तीनशे पानं लिहिलीत. हे पाच तुम्हाला जमले नाहीत?

सप्टेंबरात एका सकाळी तुम्ही किचनमध्ये खाली बसलात आणि उठता आलं नाही. समीरने नाइन वन वन केला. मी हॉस्पिटलला पोचले तेव्हा तरुण डॉक्टरीण विचारत होती, किती दिवस दुखतंय. तुम्ही चांगल्या इंग्रजीत सांगितलंत, थोडे दिवस. ती स्कॅनकडे बघत होती. तिने पुन्हा विचारलं. तुम्ही समीरकडे पाहिलंत, मग माझ्याकडे, आणि म्हणालात, फेब्रुवारीपासून.

समीर कॉफी आणतो म्हणून बाहेर गेला आणि अर्धा तास आला नाही. मी तुमच्यावर ओरडले. शेजारच्या पडद्यामागचा माणूस गप्प झाला, एवढ्या जोरात. "मला का नाही सांगितलंत? त्याच दिवशी नेलं असतं मी, गाडीत घालून."

तुम्ही हसलात. दुखत असताना, नाकात नळी असताना हसलात. "तुझ्या स्वतःच्या गाडीतून?"

"मग काय बसने?"

तुम्ही डोळे मिटलेत. मला वाटलं, औषधाचा परिणाम.

त्यानंतर तीन आठवडे. त्या तीन आठवड्यांत तुम्ही नर्सला बेल दाबून बोलावलं नाहीत, ती बिचारी दमते म्हणून. मी बेल तुमच्या हाताला चिकटपट्टीने बांधायची धमकी दिली. तुम्ही "वंदना, आवाज," म्हणालात. मी आवाज कमी केला नाही. बाकी सगळे आवाज कमी करून यायचे, फुलं घेऊन यायचे, तुमच्या सोशिकपणाचं कौतुक करून जायचे. कौतुकाने तुम्ही खूश व्हायचात, हे मला सगळ्यात खटकायचं. आपण इझाबाईंबद्दल मात्र काही बोललो नाही. मी वाट बघत होते की तुम्ही विषय काढाल.

शोकसभेनंतर तीन दिवसांनी समीरचा फोन आला. "वंदनाताई, आईच्या पुस्तकाची फायनल फाइल पाठवाल? पुण्यात एक जण छापून देतोय. मेमध्ये तिच्या बर्थडेला करू म्हणतो."

माझ्याकडे दोन फायनल फाइल होत्या. एक तुमची, सात प्रकरणांवरून थेट नवव्यावर उडी मारणारी, तोल सांभाळलेली. एक माझी, चोरलेली. तुमची पाठवायची म्हणून उघडली. पाठवण्याआधी एकदा दुसरीतलं आठवं प्रकरण वाचलं. राणीचं पत्र आलं. त्याच तासाला, माझ्या स्वतःच्या गाडीतून.

तेव्हा मला तुमचं हसू कळलं. काकू, हॉस्पिटलमध्ये ओरडून ओरडून मी तुम्हाला राणीचं पत्र वाचून दाखवत होते, जवळजवळ शब्दन् शब्द. आणि तुम्ही त्यावर विनोद केलात. अशा वेळी. मला समजणार नाही हे माहीत असून.

मी त्या प्रकरणाची चारही पानं प्रिंट केली आणि शनिवारी सकाळी समीरकडे गेले. कुरियरने पाठवण्यासारखी गोष्ट नव्हती. तुम्ही नको म्हणाला होतात हे मला आठवत होतं. समीरला ते लागणार हेही दिसत होतं. पण तुम्ही दोघांनी, आणि मीही, एकमेकांना लागू नये म्हणून काय करून ठेवलं होतं ते त्याच्या किचनमध्ये दिसत होतं. सिंकमध्ये आठवड्याची भांडी, ओट्यावर तुमच्या गोळ्यांचा डबा, शनिवारचा कप्पा अजून भरलेला.

"आईने हे प्रकरण काढायला सांगितलं होतं," मी म्हटलं. "मी काढलं नाही. आधी वाच, मग ठरव. मालक तू आहेस."

त्याने उभ्या उभ्या वाचायला घेतलं. जोडाक्षराखाली बोट ठेवून, ओठ हलवत, तिसरीतल्या मुलासारखा. चार पानांना पाऊण तास लागला. मी भांडी घासली. फितीपाशी तो थांबला, मागे गेला, पुन्हा वाचलं.

"का काढलं तिने?"

"तू वाचशील म्हणून."

"शी थॉट, मला वाटेल की हे माझ्यावर आहे?"

"हो."

"इज इट?"

"मला विचारशील तर माझ्यावर जास्त आहे. मी तिला छान दिसताय म्हटलं होतं."

मी हात पुसले, किल्ली उचलली, दारापर्यंत गेले. मी अशीच जाते, तुम्हाला माहीत आहे. काम झालं की थांबत नाही. मग परत फिरले आणि तुमच्या खुर्चीत बसले.

"समीर, तू कसा आहेस?"

"फाइन."

"हे नको. दुसरं सांग. मला आज कुठेही जायचं नाहीये."

पाच मिनिटं तरी गेली. मला इतकं गप्प बसवत नाही, पण बसले. मग त्याने सांगितलं, आणि काकू, तुम्हाला हे कुणी सांगितलेलं नाही, म्हणून मी सांगते.

"एप्रिलमध्ये माझा ले-ऑफ झाला."

"काय?"

"आईला सांगितलं नाही. तिला टेन्शन कशाला. रोज नऊला वर जायचो, दार लावून बसायचो. अप्लाय करत. तिला वाटायचं मीटिंग चालूयेत. खाली कुणाचा फोन आला तर ती म्हणायची, समीर मीटिंगमध्ये आहे, हळू बोल. मला वर ऐकू यायचं."

"कधीपर्यंत?"

"ऑगस्ट एंड. मग नवीन जॉब मिळाला. म्हटलं, आता सांगून काय करायचं." तो तुमच्या गोळ्यांच्या डब्याकडे बघत होता. "एकदा मे महिन्यात ती वर आली होती. दारापर्यंत. मला पावलं ऐकू आली. मी लगेच हेडसेट लावला आणि बोलायला लागलो. लाइक, कुणाशीच नाही. ती दोन मिनिटं उभी होती. मग खाली गेली."

"तिने दार वाजवलं नाही?"

"मीटिंगमध्ये कसं वाजवेल?"

वर मीटिंग नव्हती, काकू. पाच महिने त्या खोलीत एकही मीटिंग नव्हती. तो वर, तुम्ही खाली, मध्ये चौदा पायऱ्या. दोघंही एकमेकांचं काम बिघडू नये म्हणून श्वास रोखून. आपण तीन बुधवार भांडलो, सांगणारीची चूक की न विचारणारीची. या घरात कोण कुणाच्या तैनातीवर होतं तेच मला ठरवता येत नाही. तुम्ही फीत बांधून उभ्या होतात असं मला वाटत होतं. त्यानेही बांधली होती. तुम्हाला दिसली नाही? पाच महिने पोरगा घराबाहेर पडत नाही, दाढी करत नाही, आणि तुम्ही, दोन-तीन शतकांपूर्वीच्या उभ्याआडव्या रेघांमधून एका बाईचं रडू वाचणाऱ्या, तुम्हाला ते वाचता आलं नाही? की आलं, आणि त्याने विषय काढला नाही म्हणून तुम्हीही काढला नाहीत?

तुमचं अर्धं बरोबर होतं, एवढं मान्य करते. दिसलं की विचारायचं. मी विचारायला हवं होतं आणि त्यासाठी मी स्वतःला माफ करायच्या भानगडीत पडणार नाही. उरलेलं अर्धं माझं. ज्याचं दुखतं त्याने सांगावं. ते मी सोडत नाही. सोडलं तर शोकसभेतली ती नऊ माणसं बरोबर ठरतील, आणि त्यांच्या मुली तुमचं उदाहरण घेऊन गप्प बसतील.

समीर बराच वेळ बोलला. दुपार झाली. मी डाळ-भात लावला, तो जेवला. पानं पुन्हा एकत्र करून त्याने त्यांना क्लिप लावली.

"छापा," तो म्हणाला. "आठवं आठव्याच जागी. आणि प्रस्तावना मी लिहितो."

"तू?"

"एप्रिलपासून सुरू करतो. सगळं. मराठीत."

"मराठीत तुला चार महिने लागतील."

"मेपर्यंत टाइम आहे ना? तुम्ही स्पेलिंग बघा."

"शुद्धलेखन बघीन. मजकुराला हात लावणार नाही."

पहिलं पान काल आलं. प्रत्येक ओळीत दोन चुका आहेत आणि एकही वाक्य मला बदलावंसं वाटलं नाही. तुम्हाला हे आवडणार नाही, ठाऊक आहे. घरातलं बाहेर, मुलाची नोकरी छापून, चारचौघांत. पण काकू, त्यावर तुमचं काही म्हणणं असेल तर ते सांगायला तुमच्याकडे फेब्रुवारीपासून सप्टेंबरपर्यंत वेळ होता.